पायरी चौदा

आत्या : न वाचता मी सही करत नाही, हे तुला पहिलीपासून माहीत आहे. तुझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा केली नव्हती. तेव्हा ते पेन खाली ठेव आणि सांग, पायरी चौदा कुठे गेली?

भाची : गेली नाही कुठे. तेरानंतर आता जी आहे तीच चौदा. नंबर बदललेत फक्त.

आत्या : नंबर मलाही मोजता येतात. माझ्या सूचनांच्या पुस्तिकेत चौदावी पायरी होती, 'पायरी नऊ परत करा. कंटाळा करू नका.' तुझ्या पुस्तिकेत तेरानंतर एकदम 'डिस्कच्या प्रती काढा.' मधलं कुठे आहे?

भाची : आत्या, तुझी पुस्तिका एकसष्ट पानांची होती. साहेबांनी मला सांगितलं, बारा पानांत बसव. नव्या माणसाला एका दिवसात ऑपरेटिंग सिस्टीम बांधता आली पाहिजे.

आत्या : मधलं कुठे आहे?

भाची : काढलं.

आत्या : काढलं.

भाची : पुनरुक्ती होती म्हणून काढलं. पायरी नऊमध्ये कंपायलर बांधायचा. पायरी चौदामध्ये परत तोच कंपायलर, त्याच सोर्स कोडवरून, त्याच आज्ञा देऊन. एकच सूचना दोनदा आली की एक काढायची. माझ्या कामातला पहिला धडा आहे हा. तीच गोष्ट कोणी दोनदा का करेल?

आत्या : कारण पहिल्यांदा ती आपली झालेली नसते.

भाची : हे तू पुस्तिकेत कुठे लिहिलंयस?

आत्या : लिहायला कशाला पाहिजे?

भाची : मग मला कळणार कसं? स्वप्नात येऊन सांगणार होतीस?

आत्या : आवाज खाली. माझं घर आहे हे, तुमचं वर्कशॉप नाही. आणि तू आणलेला हा दुसरा कागद जरा मोठ्याने वाच बघू. माझ्या सहीसाठी आणलेला.

भाची : तू वाचलायस तो.

आत्या : तुझ्या तोंडून ऐकायचाय.

भाची : 'सदर पुस्तिकेतील सूचना मूळ सूचनांशी तंतोतंत जुळत असून त्यांत कोणताही तांत्रिक बदल नाही, असे मी मूळ लेखिका या नात्याने प्रमाणित करते.'

आत्या : तंतोतंत. छान शब्द आहे. तुझा का साहेबांचा?

भाची : माझा.

आत्या : वाटलंच. साहेबांना जोडाक्षरं जमत नाहीत. आता मला हे सांग, मी सही केल्यावर हा कागद कुठे जातो?

भाची : चौकशीच्या फायलीत. उद्या अकराला बैठक आहे.

आत्या : कसली चौकशी?

भाची : तुला माहीत आहे, आत्या.

आत्या : मला रिटायर होऊन वर्ष झालं. मला कोण सांगतंय? मला कानावर आलं ते भाजी घेताना, तुमच्या स्टोअरवाल्याकडून. तुझ्याकडून नाही. सांग.

भाची : बावीस आरोग्य केंद्रांना आपण डिस्क पाठवल्या. त्यांच्याकडे जुनी मशीनं आहेत, त्यांत त्या घालायच्या, की लसींच्या फ्रिजचं तापमान दर दहा मिनिटांनी नोंदवलं जाणार. वर्कशॉपमधल्या मशीनवर सगळं उत्तम चाललं. तिकडे एकही डिस्क सुरू झाली नाही. काळा पडदा आणि वर एक ओळ, अमुक फाइल सापडत नाही. तापमानाची जुनी नोंद आधीच बंद केलेली. दोन केंद्रांत फ्रिज बंद पडले होते, ते कोणाला दोन दिवस कळलंच नाही.

आत्या : आणि लसी?

भाची : फेकल्या. कोणाला टोचल्या नाहीत. तेवढं बरं झालं.

आत्या : बरं झालं म्हणे. आणि ठपका कोणावर?

भाची : ज्याने बांधली त्याच्यावर.

आत्या : म्हणजे चष्मेवालीवर. जी दोन महिने माझ्या शेजारी स्टुलावर बसून शिकली. जी एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही. ती पोरगी आज कुठे आहे?

भाची : घरी. गेल्या सोमवारपासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय. उद्या निकाल.

आत्या : आणि तू बैठकीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, माझं जेवण झाल्यावर, मी पेंगत असताना कागद घेऊन आलीस. 'आत्या, एक छोटी सही हवी होती.' मी सही केली की पुस्तिका बरोबर ठरली. पुस्तिका बरोबर, तर मग चूक कोणाची उरली?

भाची : मी असा विचार केला नव्हता.

आत्या : केला होतास. तू इतकी मठ्ठ असतीस तर मला एवढा राग आला नसता.

भाची : मला साहेबांनी पाठवलं.

आत्या : साहेबांनी पाठवलं आणि तू आलीस. पाय तुझेच होते ना? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते ऐकलं होतं. पण सुळीचा कागद चोराने स्वतःच्या सुंदर भाषेत लिहून द्यावा, हे आज बघितलं.

भाची : चोर म्हण मला. म्हण. पण एकदा तू स्वतःची पुस्तिका उघडून बघ. मी सहा महिने तिच्याबरोबर काढलेत. 'इथे शहाणपणा करू नका.' 'हे बदलू नका.' 'मध्येच उठू नका.' 'जेवायला आत्ता जा, नंतर वेळ मिळणार नाही.' एकसष्ट पानांत त्रेचाळीस वेळा 'करू नका' आहे, मी मोजलंय. आणि 'का' एकदाच आहे. कुठे माहीत आहे? 'का म्हणून विचारू नका.'

आत्या : पान एकोणीस.

भाची : पाठ आहे तुला. अभिमान आहे.

आत्या : त्या पुस्तिकेवर सतरा वर्षं सिस्टीम बांधल्या आम्ही. एक पडली नाही.

भाची : कारण तू शेजारी उभी असायचीस. पुस्तिकेवर नाही बांधल्या, तुझ्या धाकावर बांधल्या. तू गेलीस आणि आमच्याकडे राहिले नुसते हुकूम. कुठला हुकूम जिवाचा आणि कुठला तुझ्या सवयीचा, कसं ओळखायचं? 'बोटांची नखं कापून बसा' हीसुद्धा सूचना आहे तुझ्या पुस्तिकेत. पायरी दोनमध्ये.

आत्या : टायपिंगच्या चुका होतात नखांनी.

भाची : तीही काढली मी. त्याने कुठलं मशीन बंद पडलं?

आत्या : मग विचारायचं होतं. एक फोन.

भाची : केला होता. पाडव्याच्या... नाही, त्याच्याही आधी, मी पहिल्या आठवड्यात केला होता. म्हटलं, आत्या, काही पायऱ्या समजत नाहीत, बसशील का माझ्याबरोबर? तू काय म्हणालीस?

आत्या : आठवत नाही.

भाची : मला आठवतं. 'मला घरी बसवलं आणि आता माझं लिहिलेलं सोलायला तुला बसवलंय का? वाचता येतं ना तुला? मग वाच.' आणि फोन ठेवलास. त्यानंतर मी विचारलं नाही. लहानपणापासून तुला काही विचारायचं म्हणजे आधी बोलणी खायची, मग उत्तर. या वेळी उत्तरही मिळालं नाही.

आत्या : मला राग आला होता.

भाची : तुला कधी नसतो?

आत्या : सतरा वर्षं एक एक ओळ रक्त आटवून लिहिली होती मी. ती कापायला दिली कोणाला, तर मी वाढवलेल्या पोरीला. आणि साहेबांनी मला विचारलंसुद्धा नाही, एक दिवस कळलं, 'सुलभ आवृत्ती' काढतायत. सुलभ. जशी काही मी मुद्दाम अवघड लिहिली होती.

भाची : मुद्दाम नव्हती?

आत्या : काय म्हणालीस?

भाची : काही नाही.

आत्या : बोल. एवढं बोललीस तर तेवढंही बोल.

भाची : 'का' लिहिलं असतं तर तुझ्याशिवाय काम झालं असतं. म्हणून नाही लिहिलंस.

(आत्या हातातली पुस्तिका मिटून बाजूला ठेवते.)

भाची : आत्या, पाणी देऊ?

आत्या : पाणी नको. खरं सांगते, असं ठरवून नाही केलं. पण लोक विचारायला यायचे, ते आवडायचं मला. टेबलाशी उभे राहायचे. तेवढं खरं आहे. पण त्याचा आणि चष्मेवालीच्या नोकरीचा संबंध नाही, त्यामुळे विषय बदलू नकोस. पायरी चौदा तू काढलीस, हे तुला कधी कळलं?

भाची : काढली तेव्हाच कळलं, मीच काढली ना.

आत्या : शब्दांत पकडू नकोस मला. मशीनं तिच्यामुळे बंद पडली, हे कधी कळलं?

भाची : आज. तू विचारलंस तेव्हा.

आत्या : माझ्याकडे बघून बोल.

भाची : गुरुवारी.

आत्या : गुरुवारी.

भाची : गुरुवारी संध्याकाळी मी दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून ओळ ओळ लावून बघितल्या. सगळ्या बदलांत एकच असा होता, जो नुसता भाषेचा नव्हता.

आत्या : आणि बैठक कधी झाली होती? पहिली?

भाची : शुक्रवारी.

आत्या : तू होतीस तिथे?

भाची : होते.

आत्या : चष्मेवाली होती?

भाची : चौकशीला बोलावलं होतं तिला, समोर बसली होती. साहेब म्हणाले, सूचना पाळल्या नाहीत म्हणून असं झालं. ती म्हणाली, मी पाळल्या. साहेबांनी मला विचारलं, पुस्तिकेत काही कमी आहे का.

आत्या : आणि तू?

भाची : मी म्हटलं, तपासून सांगते.

आत्या : आदल्या दिवशी तपासून झालं होतं.

भाची : हो.

आत्या : तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस.

भाची : हो, बसले. घाबरले. माझी नोकरी कायम व्हायला दोन महिने राहिलेत. घराचं भाडं, आईची औषधं, तुला सगळं माहीत आहे. मला वाटलं तू सही केलीस तर साहेब प्रकरण मिटवतील, तिला दुसऱ्या विभागात टाकतील. वाटलं काहीतरी होईल.

आत्या : तिच्या घरी भाडं नाही? तिला आई नाही?

भाची : आहे.

आत्या : चूक केलीस म्हणून मी चिडले नाही, ऐक नीट. चुका मी तुझ्यापेक्षा मोठ्या केल्यात. एकदा पूर्ण डिस्क पुसली होती मी, तीन आठवड्यांचं काम. पण त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, मी पुसली. चूक होते. ती दुसऱ्याच्या पदरात टाकून वर आपल्या घरच्या माणसाची सही मागायला येणं, ते होत नसतं. ते करावं लागतं.

भाची : मग आता काय करू? सांग. हुकूम कर. तुला जमतं ते.

आत्या : कागद घे. कोरा. ती पायरी लिही परत.

भाची : आत्ता?

आत्या : उद्या बावीस डिस्क परत बांधायला कोणीतरी बसणार आहे. चुकीच्या पुस्तिकेवर बसू नये. लिही. 'पायरी नऊ परत करा.'

भाची : असं नाही लिहिणार मी. असं लिहिलं तर पुढचा माणूसही काढेल. का करायची ते सांग.

आत्या : पायरी नऊला तुझ्याकडे नवीन काही नसतं. वर्कशॉपच्या मशीनवरचा जुना कंपायलर वापरून नवा कंपायलर बांधायचा.

भाची : आणि कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडमधून मशीनला चालवता येईल असा प्रोग्राम बनवतो तो. तेवढं मला येतं.

आत्या : तर हा नवा कंपायलर जुन्याच्या आधाराने उभा असतो. त्याला लागणाऱ्या काही फाइली अजून वर्कशॉपच्या मशीनवर असतात. आपल्याला दिसत नाही, कारण मशीन तिथेच असतं. स्लॅब टाकताना खाली फळ्या आणि बांबू लावतात ना, सेंट्रिंगचे? तशा या पायऱ्या नऊ ते तेरा. फळ्याच त्या. त्यांच्यावर उभं राहून चौदाव्या पायरीला कंपायलर परत बांधायचा, या वेळी नव्या सिस्टीमच्या आत, तिच्याच सामानाने. मग तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. मग फळ्या काढायच्या.

भाची : आणि मी...

आत्या : तू फळ्यांवरच लोकांना राहायला पाठवलंस. आणि फळ्या राहिल्या वर्कशॉपमध्ये.

भाची : म्हणून तिकडे फाइल सापडत नव्हती.

आत्या : म्हणून.

भाची : हे किती सोपं आहे, आत्या. चार वाक्यं आहेत. सतरा वर्षांत ही चार वाक्यं तुला लिहिता आली नाहीत?

आत्या : मला कोणी 'का' विचारलंच नाही असं म्हणणार होते. पण पान एकोणीस मीच लिहिलंय. लिही.

भाची : ऐक. 'पायरी चौदा. आतापर्यंत बांधलेला कंपायलर वर्कशॉपच्या मशीनवर अवलंबून आहे. तो दुसऱ्या मशीनवर चालणार नाही. म्हणून पायरी नऊमधल्या सगळ्या आज्ञा आता नव्या सिस्टीमच्या आत जाऊन पुन्हा द्या. आज्ञा त्याच असल्या तरी ही पायरी वेगळी आहे. ती गाळली, तर इथे सगळं चालेल आणि बाहेर काहीच चालणार नाही.'

आत्या : परत वाच शेवटचं.

भाची : 'इथे सगळं चालेल आणि बाहेर काहीच चालणार नाही.'

आत्या : चांगलं लिहितेस. म्हणून जास्त राग येतो. 'कंटाळा करू नका' टाक शेवटी.

भाची : ते नाही टाकणार.

आत्या : बरं, नको टाकू. आता तिला फोन लाव.

भाची : कोणाला?

आत्या : वेड पांघरू नकोस. या ओळी ज्याला वापरायच्यात त्याला कळतात का, ते आधी बघायचं असतं. बारा पानं छापण्याआधी ते केलं होतंस का?

भाची : नाही.

आत्या : मग आता कर. स्पीकरवर ठेव.

(भाची फोन लावते. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला जातो.)

चष्मेवाली : बोला मॅडम.

भाची : रविवारी त्रास देते आहे. मी आत्याकडे आहे. म्हणजे मोठ्या मॅडमकडे. तुला काही वाचून दाखवायचं होतं.

चष्मेवाली : मला कामावर येऊ नको सांगितलंय, मॅडम. मी ऐकलं तर चालेल का? नंतर तेही अंगावर यायचं.

आत्या : मी सांगते चालेल. कशी आहेस?

चष्मेवाली : नमस्कार मॅडम. बरी आहे. घरी बसून भिंती बघते आहे. आई विचारते, सुट्टी कशाची. मी सांगितलंय, मशीनं दुरुस्तीला गेलीत.

आत्या : ऐक ही काय वाचते आहे ते. आणि कळलं की नाही ते खरं सांग. आमची भीड धरू नकोस.

भाची : 'पायरी चौदा. आतापर्यंत बांधलेला कंपायलर वर्कशॉपच्या मशीनवर अवलंबून आहे. तो दुसऱ्या मशीनवर चालणार नाही. म्हणून पायरी नऊमधल्या सगळ्या आज्ञा आता नव्या सिस्टीमच्या आत जाऊन पुन्हा द्या.' पुढे अजून दोन वाक्यं आहेत. कळतंय का?

चष्मेवाली : कळतंय.

भाची : काही अडतंय का कुठे?

चष्मेवाली : नाही. काहीतरी राहतंय हे मला तेव्हाही कळलं होतं, मॅडम. म्हणून तर विचारलं होतं.

आत्या : काय विचारलं होतंस? कोणाला?

चष्मेवाली : मॅडमना. त्यांनी नाही का सांगितलं तुम्हाला?

आत्या : नाही. तेवढं तिने सांगितलं नाही. तूच सांग.

चष्मेवाली : नवी पुस्तिका आली तेव्हा तेरा झाल्यावर मला वाटलं, इथे आपण परत करायचो. तुमच्याबरोबर केलं होतं दोन-तीनदा. का ते माहीत नव्हतं, पण करायचो. म्हणून मॅडमना मेसेज टाकला, नऊ नंबर परत करायची नाही का? त्यांचं उत्तर आलं, 'पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच करायचं.' मग मी तेवढंच केलं.

आत्या : हा मेसेज शुक्रवारच्या बैठकीत दाखवला नाहीस?

चष्मेवाली : मॅडम समोरच बसल्या होत्या. मला वाटलं त्या स्वतः सांगतील. मी वाट बघत होते. मग बैठक संपली.

आत्या : आता उद्या दाखव.

चष्मेवाली : फोन दाखवून भांडू का मी साहेबांशी? 'बघा, यांनी असं लिहिलं होतं' म्हणून? माझा शब्द आणि यांचा शब्द. माझा कोण घेणार? मी हाताने काम करणारी. पुस्तिका लिहिणारी माणसं वेगळी असतात. आणि मला राग आहे, मॅडम, तुमच्यावर. सांगून टाकते. मोठ्या मॅडम ओरडायच्या, पण माझी चूक असली तरच ओरडायच्या.

भाची : बरोबर आहे तुझं.

चष्मेवाली : बरोबर आहे ते मला माहीत आहे. तुम्ही म्हणून काय उपयोग इथे फोनवर? उद्या अकरा वाजता साहेबांच्या टेबलावर कुठला कागद जाणार, ते सांगा. मोठ्या मॅडमनी सही केली का? स्टोअरवाल्याने मला सांगितलंय त्या कागदाचं.

आत्या : नाही केली. फाडला. हा घे, आवाज ऐक.

भाची : आत्या, त्यावर साहेबांची सही होती...

आत्या : दोनदा फाडला. आता तू दुसरा लिही. तिला ऐकू येईल असा लिही. मोठ्याने.

भाची : काय लिहू?

आत्या : मला विचारतेस? भाषा तुझी आहे. आणि खाली माझ्यासाठी एक ओळ सोड. 'ही पायरी का करायची, ते मी सतरा वर्षांत लिहिलं नाही.' त्याखाली मी सही करते.

भाची : बरं. 'मूळ पुस्तिकेतील पायरी चौदा मी काढली. ती पुनरुक्ती आहे असे समजून काढली. लेखिकेकडून खात्री करून घेतली नाही. ती पायरी नसल्यामुळे बावीस डिस्क निकामी झाल्या. सिस्टीम बांधणाऱ्या कर्मचाऱ्यांनी पुस्तिकेतील प्रत्येक सूचना पाळली आहे. त्यांची चूक नाही. ही गोष्ट मला गुरुवारी कळली होती. शुक्रवारी मी गप्प बसले.'

आत्या : पुढे.

भाची : 'ही पायरी राहिली आहे का, असे त्यांनी मला काम करताना विचारले होते. मी "लिहिलंय तेवढंच करायचं" असे उत्तर दिले.' खाली माझं नाव. झालं. ऐकलंस ना? काही राहिलं का?

चष्मेवाली : एक राहिलं.

भाची : काय?

चष्मेवाली : मेसेज केला तो पहिल्यांदा. प्रती काढायच्या दिवशी मी परत विचारलं होतं. जिन्यात. तुम्ही खाली चालला होतात, हातात छत्री होती. थांबला नाहीत.

भाची : हो. आठवतं.

चष्मेवाली : मग दोनदा विचारलं होतं असं लिहा, मॅडम. तेवढं काढू नका.